नृत्यसंशोधनाची साधने : सीमाभागातील वाचकांसाठी काही वाटा

नृत्याचा अभ्यास म्हटला की आपल्या घरांत अजूनही घुंगरू, क्लास आणि वार्षिक स्नेहसंमेलन एवढेच डोळ्यांपुढे येते. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. बीदर, उदगीर, लातूर येथे भरतनाट्यम किंवा कथक शिकणाऱ्या मुली पुढे एम.ए. करतात, काहींना पीएच.डी. करायची असते, आणि मग त्या विचारतात की नाचावर वाचायचे काय आणि ते मिळेल कुठे. या व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे. मी नर्तक नाही, ग्रंथपालही नाही. मी औरादेत होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारा माणूस. पण आमच्या धंद्यात शोधण्याची एक सवय अंगी लागते आणि ती इथे उपयोगी पडते, म्हणून मंडळाने सांगितलेला विषय मी आनंदाने घेतला.

ती सवय कोणती ते आधी सांगतो. आमच्याकडे रेपर्टरी नावाचा ग्रंथ असतो. केंट यांची रेपर्टरी सर्वांत प्रसिद्ध. त्यात औषधांची नावे लक्षणांखाली लावलेली असतात. रोगी सांगतो, ‘डॉक्टर, झोप लागत नाही.’ आता हे ‘झोप’ या प्रकरणात पाहायचे, की ‘मन’ या प्रकरणात, की ‘सर्वसाधारण’ लक्षणांत? अनुभवी माणूस तिन्ही ठिकाणी पाहतो. नवशिका एकाच ठिकाणी पाहतो आणि ‘पुस्तकात नाही’ म्हणून मोकळा होतो. (गंमत म्हणजे त्या रेपर्टरीत ‘मन’ या प्रकरणात ‘डान्सिंग’ असे एक लक्षणही आहे. टॅरेंटुला हे आमचे औषध ज्या कोळ्यापासून होते, त्याच्या नावाशी इटलीतील टॅरेंटेला नाचाचे नाते आहे. वैद्यकाच्या पुस्तकात नाच असा अचानक भेटतो.)

ग्रंथालयात नाचाचे नेमके हेच होते. आपल्याकडची बहुतेक ग्रंथालये ड्यूई दशांश पद्धतीने पुस्तके लावतात. त्या पद्धतीत रंगमंचावरचे नृत्य ७९२.८ या क्रमांकाजवळ, तर लोकनृत्य आणि समूहनृत्य ७९३.३ जवळ. पण लावणीचे पुस्तक बहुधा मराठी साहित्यात, म्हणजे ८९१.४६ मध्ये बसलेले असते, कारण ग्रंथपालाने त्यातली कवने पाहिली, पावले पाहिली नाहीत. गोंधळ, वाघ्या-मुरळी, वासुदेव हे ३९८ मध्ये, लोकसाहित्यात. देवळावरील नर्तकींची शिल्पे ७३० च्या आसपास. ताल आणि गीत ७८० मध्ये. देवदासींची चर्चा कधी धर्मात, कधी समाजशास्त्रात. म्हणून नृत्याचे एक कपाट शोधू नका. एका नाचासाठी निदान पाच कपाटे उघडावी लागतात. कपाटापुढे उभे राहून शेजारची पुस्तके हाताळण्याला पर्याय नाही. संगणकाच्या यादीत जे सापडत नाही ते पुष्कळदा डावीकडच्या चौथ्या पुस्तकात असते.

दुसरी अडचण खास आपली आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपण ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या राहतो त्या गावांची कागदपत्रे तीन राज्यांत विखुरली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या दिवशी जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तिकडे मुंबई राज्यात गेले, औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण नोंदी तुटल्या. महाराष्ट्राच्या लोकनृत्यांवरील पुस्तकांत औराद नसते, कारण ते कर्नाटकात. कर्नाटकाच्या लोककलांवरील पुस्तकांत आपले श्रावणातले फेर नसतात, कारण ते मराठीत. आणि निजामाच्या काळातील सरकारी कागद हैदराबादेत, उर्दू-फारसीत.

यातून शोधाचा पहिला नियम निघतो. आजच्या राज्याच्या नावाने शोधू नका, त्या काळच्या नावाने शोधा. १९५६ पूर्वीच्या गोष्टीसाठी ‘हैदराबाद संस्थान’, ‘निजामाचा मुलूख’ हे शब्द वापरा. सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या राज्यातील जाती-जमातींवरचा इंग्रजी ग्रंथ १९२० मध्ये निघाला. लमाण, गोंधळी वगैरे समाजांविषयी काही पाहायचे तर तो हाताशी असावा. अर्थात तो साहेबी चष्म्यातून लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवून. गुलाम यझदानी यांचा बीदरच्या इतिहासावरील आणि वास्तूंवरील ग्रंथ १९४७ चा. त्यात नाच नाही, पण नाच जिथे होत असे त्या जागा आहेत.

नावांचा गोंधळ तर विचारू नका. ‘औराद’ टाकले की निलंग्याकडचे औराद शहाजानी येते आणि आपले अमरेश्वराचे औराद मागे राहते. ‘कल्याण’ टाकले की मुंबईजवळचे कल्याण स्टेशन येते. बीदर कधी ‘बिदर’ असते, जुन्या कागदांत आणखी काही. २०१४ नंतर गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, पण त्याआधीचे सारे प्रबंध गुलबर्गा याच नावाखाली आहेत आणि विद्यापीठाचे नावही तेच राहिले आहे. इंग्रजी अक्षरांत तर लावणी चार तऱ्हांनी लिहितात. एक वही करा. तिच्या डाव्या पानावर आपल्या विषयाचे सगळे शब्द आणि त्यांची सगळी रूपे लिहा, देवनागरीत, रोमनमध्ये, आणि जमल्यास कन्नडमध्येही. उजव्या पानावर कोणता शब्द कुठे टाकून पाहिला आणि काय मिळाले ते लिहा. हे कंटाळवाणे आहे. पण केसपेपर न लिहिणारा डॉक्टर आणि अशी वही न ठेवणारा संशोधक दोघेही तेच ते पुन्हा तपासत बसतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे हे सगळे हवेत राहणार नाही. आमच्या गावातील एक मुलगी आपल्याकडच्या बायकांच्या फेरांवर संशोधन करायचे म्हणून एका विद्यापीठात गेली. कोणत्या ते महत्त्वाचे नाही. तिला सांगण्यात आले की सीमाभागातील नाचाला लेखी परंपरा नाही, विषय बदला. ती हिरमुसून आली. तिची आजी माझी जुनी रोगी, त्यामुळे ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचली. मला त्या उत्तराचा राग आला, कारण ते चुकीचे होते. नृत्याविषयी जी जुनी लेखी साधने भारतात आहेत, त्यांतील एक फार मोठे साधन आपल्याच जिल्ह्यात तयार झाले.

बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून चित्रकलेपर्यंत सारे त्यात आहे. त्यातील विनोदांच्या भागात गीत, वाद्य आणि नृत्य यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये हा ग्रंथ गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादित केला. पहिला खंड १९२५ चा, दुसरा १९३९ चा, आणि नृत्याचे प्रकरण ज्यात आहे तो तिसरा १९६१ चा. पुष्कळांना पहिले दोन खंड मिळतात आणि ते म्हणतात, यात नाच नाही. तिसरा मागा. शिवाय या ग्रंथाला ‘अभिलषितार्थचिंतामणी’ असे दुसरे नाव आहे आणि म्हैसूरहून निघालेली आवृत्ती त्या नावाखाली नोंदलेली असते. एकच रोगी दोन नावांनी दोन दवाखान्यांत दाखल, तसे हे आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. काकतीयांचा गजसेनापती जायप याने तेराव्या शतकाच्या मध्यावर ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. त्यात गोंडली नावाच्या नृत्यप्रकाराची हकीकत येते. कल्याण नगरीत भूतमातेच्या उत्सवात सोमेश्वराने भिल्लिणीच्या वेषातील एका स्त्रीला गाताना-नाचताना पाहिले, तो प्रसन्न झाला आणि त्याने तिच्या नाचावरून हा प्रकार बांधला. आणि नाव गोंडली का, तर महाराष्ट्रात भिल्लिणीला गोंडिनी म्हणतात म्हणून. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या उत्सवात कुणी अनाम बाई नाचली, राजाने पाहिले, आणि तिच्या नाचाला जे नाव पडले त्याचा खुलासा तेलंगणात बसलेल्या ग्रंथकाराने महाराष्ट्रातील बोलीचा हवाला देऊन केला. तिन्ही राज्ये एका परिच्छेदात आली! आपल्या गोंधळाचा उगम या गोंडलीशी जोडणारे मराठी अभ्यासक आहेत. तो संबंध सर्वांना मान्य नसला तरी तपासण्याजोगा नक्कीच आहे. ‘नृत्तरत्नावली’ व्ही. राघवन यांनी संपादित केली आणि ती १९६५ मध्ये मद्रासहून निघाली.

त्या मुलीने हे दोन संदर्भ आपल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर घातले. आराखडा दुसऱ्या ठिकाणी मंजूर झाला. आजचे फेर आणि बाराव्या शतकातील गोंडली एकच आहेत असे तिने म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. ‘इथे लेखी काहीच नाही’ या आक्षेपाला मात्र उत्तर मिळाले.

याच धाग्याने पुढे गेले की देवगिरीच्या यादवांकडे असलेल्या शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ येतो. त्याचा सातवा अध्याय नर्तनाचा. पुण्याच्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ १८९६-९७ मध्ये छापला, आणि ती आवृत्ती आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. अड्यारच्या ग्रंथालयाने टीकांसह काढलेल्या आवृत्तीचा नर्तनाध्याय असलेला खंड १९५३ चा आहे. पुंडरीक विठ्ठल हा मूळचा कर्नाटकातला पंडित, खानदेशात बुऱ्हाणखानाकडे राहिला आणि पुढे अकबराच्या आश्रयाला गेला. त्याचा ‘नर्तननिर्णय’ दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने आर. सत्यनारायण यांच्या संपादनाने १९९४ ते १९९८ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केला. संस्कृत येत नसेल तर घाबरू नका. संपादकांच्या प्रस्तावना इंग्रजीत असतात आणि निम्मे काम तिथेच होते. भरताच्या नाट्यशास्त्रासाठी मराठीत गोदावरी केतकर यांचे पुस्तक आहे. रस आणि भाव या प्रकरणांसाठी र. पं. कंगले यांचे ‘रस-भाव-विचार’ वाचावे.

इथे माझ्या घरच्या परंपरेचा थोडा उल्लेख करतो, कारण नृत्याचे अभ्यासक जैन साधनांकडे सहसा फिरकत नाहीत. निवृत्तीचा धर्म, त्यात नाच कुठला, असा समज. ‘रायपसेणइय’ या प्राकृत आगमात सूर्याभ नावाचा देव भगवान महावीरांपुढे बत्तीस प्रकारचे नाट्यविधी सादर करतो, आणि ते प्रकार नावानिशी सांगितले आहेत. आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त नीलांजनेचा प्रसंग आहे. ऋषभदेवांच्या सभेत नाचता नाचता तिचे आयुष्य संपते, इंद्र क्षणात तिच्या जागी दुसरी नर्तकी उभी करतो, इतरांच्या लक्षातही येत नाही, पण ऋषभदेवांना दिसते आणि ते राज्य सोडतात. हे जिनसेन राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. पुढे पंपाने हाच प्रसंग कन्नडमध्ये, इ.स. ९४१ मधल्या आपल्या ‘आदिपुराणा’त रंगवला. आणि संगीतशास्त्रावर लिहिणारे पार्श्वदेव हे जैन आचार्यच. त्यांचा ‘संगीतसमयसार’ त्रिवेंद्रम संस्कृत मालेत १९२५ मध्ये छापला गेला, त्यात नृत्याचेही प्रकरण आहे. जैन ग्रंथांसाठी ‘जैन ई-लायब्ररी’ हे संकेतस्थळ आहे. एकदा नाव नोंदवले की हजारो पुस्तके उतरवून घेता येतात. घरात मुनिसंघाच्या भेटीतील ग्रंथ असतील, तर तेही एकदा या नजरेने उघडून पाहा.

पुस्तके सोडून दगडाकडे जाऊ. हुमनाबाद तालुक्यातील जलसंगीचे देऊळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथल्या बाह्य भिंतीवर सुंदर मदनिका आहेत, आणि त्यांतील एक चक्क शिलालेख कोरते आहे. तो लेख चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या स्तुतीचा. या विक्रमादित्याचाच मुलगा मानसोल्लासकार सोमेश्वर. बापाच्या काळातील देवळावरच्या स्थिती आणि मुलाच्या ग्रंथातील वर्णन शेजारी ठेवून पाहणे हे एका चांगल्या प्रबंधाचे काम आहे. फोटो काढताना मूर्ती कोणत्या दिशेच्या भिंतीवर, डावीकडून कितवी, हे त्याच वेळी लिहून ठेवा. घरी आल्यावर सगळ्या मदनिका सारख्याच दिसतात.

शिलालेखांत नर्तकीसाठी ‘पात्र’ हा शब्द येतो. ‘नृत्य’ या शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती म्हणून काही लागत नाही. देवळाला दिलेल्या जमिनीत पूजाऱ्याला किती, वाजवणाऱ्याला किती, पात्रांना किती, अशी वाटणी असते. हंपीच्या कन्नड विद्यापीठाने जिल्हावार शिलालेखांचे खंड काढले आहेत. ते कन्नडमध्ये आहेत, आणि इथे आपल्याला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या कित्येक घरांत कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, काहींनी तर वाचायचे नाही असेच ठरवले आहे. भाषेचा वाद त्याच्या जागी. ज्याला या मातीतला नाच शोधायचा आहे, त्याला कन्नड लिपी शिकावीच लागेल. आमच्या मुलांना ती शाळेत येतेच. त्यांच्या शेजारी बसून महिनाभरात पाटी वाचण्याइतकी तरी जमते.

तंजावरचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. तिथल्या मराठी राजांपैकी तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ लिहिले, त्यात अडवूंची चर्चा आहे. दुसऱ्या सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ हे त्या पुस्तकाचे नावच पाहा. ज्याला आपण आज भरतनाट्यम म्हणतो त्या सादिर नाचात एके काळी मराठी पदे होती, हे आपल्या भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींना कुणी सांगत नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाने हे साहित्य छापले आहे.

लावणी-तमाशावर मात्र मराठीत भरपूर आहे. म. वा. धोंड यांचे ‘मऱ्हाटी लावणी’, नामदेव व्हटकर यांचे तमाशावरील पुस्तक, गंगाधर मोरजे, प्रभाकर मांडे, रा. चिं. ढेरे, अशोक रानडे यांचे लेखन. विश्वकोशातील ‘लावणी’, ‘तमाशा’, ‘नृत्य’ या नोंदींपासून सुरुवात करावी. विश्वकोश आता घरबसल्या मोबाइलवर वाचता येतो. यातील बहुतेक पुस्तके शब्दांविषयी जास्त आणि शरीराविषयी कमी बोलतात, ही माझी तक्रार आहे. पाय कसा पडतो, बैठकीची लावणी बसून कशी फिरते, हे पाहायला चित्रफिती लागतात. यमुनाबाई वाईकरांना १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अशा कलावंतांची ध्वनिचित्रमुद्रणे अकादमीच्या संग्रहात असतात आणि काही यूट्यूबवर आली आहेत. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) यांतील लावण्या पुरावा म्हणून वापरताना जपून. तो कॅमेऱ्यासाठी बसवलेला नाच आहे, फडावरचा नव्हे. यूट्यूबवरची कोणतीही फीत घेताना कुणी, कुठे, केव्हा चित्रित केली हे सापडले नाही, तर ती आनंदासाठी ठेवावी, प्रबंधात घालू नये.

इंटरनेटवरील इतर ठिकाणांपैकी चार-पाच माझ्या अनुभवात उपयोगी ठरली. इंटरनेट आर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयाची लाखो जुनी पुस्तके आहेत, पण नावे इतकी वेडीवाकडी टंकलेली की सरळ शोधले तर सापडत नाहीत. अशा वेळी ग्रंथाचे नाव सोडून संपादकाचे आडनाव किंवा ग्रंथमालेचे नाव टाकावे. शोधगंगा हे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे प्रबंधांचे भांडार. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, गुलबर्गा, हैदराबाद या विद्यापीठांचे प्रबंध तिथे विद्यापीठवार चाळता येतात. मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत तर कधी रोमनमध्ये नोंदवलेले असते, म्हणून शोधण्यापेक्षा विभागाची यादीच वरून खाली वाचावी. एका चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची मिळाली की पुढचे सहा महिने निघतात. खरगपूरच्या आय.आय.टी.ने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, केंद्र सरकारचे ‘इंडियन कल्चर’ हे संकेतस्थळ आणि साहित्य संस्कृती मंडळाची फुकट उतरवता येणारी मराठी पुस्तके ही आणखी काही ठिकाणे. संगीत नाटक अकादमीचे ‘संगीत नाटक’ हे नियतकालिक १९६५ पासून निघते. त्याचे जुने अंक म्हणजे खाण आहे.

परदेशांत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा नृत्यविभाग १९४४ पासून चालू आहे. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांचा अमेरिकी संच १९२६ मध्ये हिंदुस्थानात फिरला होता. अशा प्रवासांची छायाचित्रे त्या विभागाच्या संग्रहात आहेत. आपली मुले-नातवंडे तिकडे आहेतच, कुणाला तरी एक शनिवार तिथे घालवायला सांगावे. आपल्याकडे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतसंग्रहालय १९८२ मध्ये पुण्यातच सुरू झाले, आता ते गुरुग्रामला आहे. लोकसंगीताची क्षेत्रमुद्रणे तिथे नीट जपली जातात.

प्रत्यक्ष ग्रंथालयांविषयी थोडे व्यवहाराचे. कर्नाटकात सार्वजनिक ग्रंथालये सरकार चालवते, महाराष्ट्रात संस्था चालवतात आणि सरकार अनुदान देते. त्यामुळे आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके कमी आणि उदगीर-देगलूरच्या वाचनालयांत जास्त, हे ओघानेच आले. दोन्हीकडे सभासद व्हा. संस्कृत आणि हस्तलिखितांसाठी पुण्याचे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, मोडीसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, जुन्या मराठी पुस्तकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय विसरू नका, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे शिक्षण त्या शहरात झाले. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवून वेळ, ओळखपत्र आणि फोटो काढण्याची परवानगी विचारून घ्या. पत्रात ‘नृत्यावरील पुस्तके हवीत’ असे लिहू नका. नेमक्या तीन ग्रंथांची नावे लिहा. ग्रंथपाल हा डॉक्टरसारखाच. ‘अंग दुखते’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो’ म्हणणाऱ्याचे काम तो लवकर करतो.

छायाप्रतींबाबत एक कायद्याची गोष्ट. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. स्वतःच्या अभ्यासापुरता उतारा घेणे निराळे, आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ गावभर वाटणे निराळे.

आता राहिला आपल्या घरचा माळा. जुन्या वाड्यांत अजून बहीखाती आहेत, काही मोडीत. यात्रेचा खर्च, लग्नाचा खर्च, तमाशाच्या फडाला दिलेली सुपारी, ताशेवाल्याला, गोंधळ्याला दिलेली बिदागी, हे सारे त्यात असते. कोणत्या साली कोणता फड आपल्या गावात आला, त्याला किती रुपये दिले, हे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. आणि दर दिवाळीला आपण हे रद्दीत घालतो! काही घरांत हे कागद मुद्दाम फाडले जातात, कारण त्यांत एखाद्या कलावंतिणीला दिलेल्या पैशाची नोंद असते आणि घराण्याची अब्रू जाईल असे वाटते. पूर्वजांनी पैसे दिले याची आपल्याला लाज वाटते, पण ज्या बाईने नाचून ते कमावले तिचे नाव त्या एका ओळीखेरीज जगात कुठेच उरलेले नसते. ओळ फाडली की ती बाईही गेली. ज्यांना नाव बाहेर येऊ द्यायचे नसेल त्यांनी घराण्याचे नाव झाकून प्रत द्यावी. संशोधनाला तेवढे पुरते.

आणि माणसे. माझ्याकडे गुडघेदुखीला येणाऱ्या सत्तरीपुढच्या बायकांना मी अलीकडे विचारतो, पंचमीला फेर धरत होता का? उत्तर येण्याआधी चेहरा बदलतो. लमाणांच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्यांना होळीचा नाच पाठ आहे. मोहरममध्ये अलावाभोवती नाचणारे हिंदू-मुसलमान दोन्ही आपल्याच गावात आहेत. त्यांतले दोघे-चौघे गेल्या तीन वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत गेले, आणि त्यांच्याबरोबर जे गेले ते कुणी उतरवून घेतलेले नव्हते.

मुद्रण करायचे तर मोबाइल पुरतो. तो आडवा धरा, पाय दिसतील इतके मागे उभे राहा, कारण घरचा माणूस हटकून चेहराच टिपतो आणि नाच पायांत असतो. आधी बोलू द्या, मग गाऊ द्या, मग नाचायला सांगा. न झेपल्यास बसून हाताने दाखवू द्या. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बाईची परवानगी तिच्याच आवाजात घ्या. नाव द्यायचे की नाही हे तिला विचारा, तिच्या मुलाला नव्हे. जुन्या कॅसेटी असतील तर टेपवर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मगच वाजवून उतरवा. वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत पहिल्याच फेरीत तुटू शकते. एक प्रत आपल्याकडे, एक मंडळाच्या कपाटात, आणि एक पेन ड्राइव्हवर घालून त्या बाईच्या घरी पोचती करा. फाइलला ‘व्हिडिओ एक’ असे नाव न देता गाव, सण, वर्ष आणि गाण्याचे पहिले दोन शब्द देवनागरीत टाका.